उ: समोरचा पत्ते टाकतच नाही, तेव्हा...

पोकरमध्ये ब्लफ केला (हलक्या हातावर पैसे लावून घाबरवलं) तरी समोरचे कॉलच करतात, म्हणजे तेवढेच पैसे भरून खेळत राहतात, अशी तक्रार वर आहे. मग ब्लफ करायचाच कशाला? जो पत्ते टाकत नाही (डाव सोडत नाही), त्याला घाबरवण्यात पैसे घालवू नयेत. कमाई चांगल्या हातावर, आणि तीही मोठ्या बेटने (पैजेने).

समजा तुमच्याकडे एक्का-राणी आहे, टेबलावर राणी-अठ्ठी-तिर्री, त्यात दोन बदाम. टर्नला (टेबलावरचं चौथं पान) पंजी आली, पॉट (मधे जमलेले पैसे) १००. समोरच्याच्या हातात दोन बदाम असतील, तर त्याला फ्लशसाठी (पाच बदाम) उरलेल्या ४६ पत्त्यांतले ९ चालतात, म्हणजे साधारण २० टक्के. तुम्ही ५० लावलेत तर कॉल परवडायला त्याला जिंकण्याची शक्यता २५ टक्के हवी, १०० लावलेत तर ३३. तो दोन्ही वेळा कॉल करणारच आहे, मग ५० वर का थांबायचं? नुसती अठ्ठी धरून बसलेलाही पैसे देतो. फक्त रिव्हरला (पाचवं, शेवटचं पान) तिसरा बदाम आला की हात आखडता घ्या.

आणि एक. असा माणूस शेवटी अचानक रेज करतो (तुमच्या बेटवर रक्कम वाढवतो) तेव्हा त्याच्याकडे खरंच काहीतरी असतं. तुमच्याकडे एकच जोडी असेल तर निमूट पत्ते टाका. मी 'बघू तरी' म्हणत बऱ्याचदा पैसे भरलेत. दरवेळी त्याच्याकडे सेट (एकसारखी तीन पानं) नाहीतर दोन जोड्या.