दहावीनंतर मोटार मेकॅनिक: आयटीआय की सरळ गॅरेज? (जळगाव-धुळ्याकडच्यांनी सांगा)

एरंडोलचा_मामा

राम राम मंडळी. भाचा यंदा दहावी झाला, ५८ टक्के. पुस्तकात मन नाही, पण घरची मोटरसायकल त्याने तीनदा खोलून तीनदा बांधली आणि त्यातल्या दोन वेळा ती चालूही झाली. त्याला मेकॅनिकच व्हायचंय.

दाजी म्हणतात, आयटीआयत दोन वर्षं कशाला घालवता, धुळ्याला पारोळा रोडवर ओळखीचं गॅरेज आहे, उद्यापासून उभा राहील. बहीण म्हणते, हातात कागद पाहिजे. मधे मी सापडलोय. घर अमळनेर तालुक्यात, एसटीने जाऊन-येऊन जमेल असं हवं. ट्रेड कुठला, मोटार की डिझेल? शिवाय एक खासगी क्लासवाला ‘सहा महिन्यांत मेकॅनिक, नोकरीची हमी’ म्हणून ४५ हजार मागतोय. जाणकारांनी सांगा.

चौफुलीवाला

भो, मी गॅरेजातच शिकलो. जळगावला अजिंठा चौफुलीकडे २२ वर्षं झाली. उस्तादाने पहिली दोन वर्षं फक्त डिझेलने पार्ट धुवायला लावले, तिसऱ्या वर्षी हातात पाना दिला. त्यामुळे दाजींचं म्हणणं मला समजतं. काही वर्षांपूर्वी विचारलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं.

पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (गाडीच्या धुराचे नवे कडक नियम) आलं आणि धंदाच फिरला. बाइकचा कार्बोरेटर गेला, इंजेक्टर आला. आवाज ऐकून टायमिंग सांगणारे आमच्यासारखे लोक आता आधी स्कॅनर लावतात. स्कॅनर कोड दाखवतो, पण सेन्सर गेलाय की त्याची वायर उंदराने कुरतडलीय ते दाखवत नाही. त्यासाठी मल्टिमीटर चालवता आला पाहिजे आणि सर्किटचं चित्र वाचता आलं पाहिजे. हे मला कुणी शिकवलं नाही. चाळिशीत फोनवर व्हिडिओ बघून शिकलो, अजून अडखळतो.

एक किस्सा सांगतो. मागच्या वर्षी केळीचा ट्रक आला, गाडी ओढतच नव्हती. नव्या डिझेल ट्रकांना धूर स्वच्छ करायला युरियाचं पाणी लागतं, त्याची टाकी वेगळी असते. ड्रायव्हरने पैसे वाचवायला शेतातला युरिया बादलीत कालवून ओतला होता! शेतातला युरिया कडुनिंबाचं तेल लावलेला. टाकीतलं द्रावण पाहिजे ३२.५ टक्के, तेही शुद्ध. पंप चोंदला, नोझल चोंदला. आमच्या पोऱ्याने डिझेल फिल्टर बदलला, मग इंजेक्टर काढले, दोन दिवस गेले. शेवटी कळलं ते समोरच्या गॅरेजातल्या आयटीआयवाल्या पोराला. त्याने स्कॅनरवर आकडा बघितला, टाकीचं झाकण उघडून वास घेतला आणि हसायलाच लागला.

म्हणून माझं मत: कागदासाठी नको, पण त्या दोन वर्षांसाठी आयटीआय कराच. पोऱ्याले गॅरेजात टाकानं व्हई ते सुटीत टाका. क्लासवाल्याला ४५ हजार देऊ नका, तेवढ्यात स्वतःची हत्यारं येतात.

फैजपूरची_ताई

माझ्या मुलाने शासकीय आयटीआयतून मेकॅनिक मोटर व्हेईकल केलं, दोन वर्षांचा ट्रेड. नंतर एसटीच्या वर्कशॉपमध्ये एक वर्ष अप्रेंटिस. खरं सांगते, आयटीआयत सगळं छान नव्हतं. एक निदेशक (ट्रेड शिकवणारे सर) निवृत्त झाले, त्यांची जागा सहा महिने रिकामीच. कापून ठेवलेलं एक इंजिन सगळी पोरं आळीपाळीने बघायची, चालू गाडी एकच. घरी येऊन म्हणायचा, आई, आज पण फाइलच लिहिली.

खरं काम शिकला तो डेपोत. रोज रात्री मुक्कामी गाड्या आल्या की ब्रेक, क्लच, स्प्रिंगची पानं. विद्यावेतन कमी होतं, घरून पैसे द्यावे लागले. पण वर्षात हात बसला आणि अप्रेंटिसशिपचं राष्ट्रीय प्रमाणपत्रही मिळालं. दोन वर्षं म्हणू नका मामा, तीन धरूनच चला.

प्रवेशाआधी भाच्याला घेऊन वर्कशॉप डोळ्यांनी बघून या. गाड्या किती, चालू किती, निदेशक हजर आहेत का, हे शिकणाऱ्या पोरांनाच विचारा. ऑफिसात विचारून उपयोग नाही.

केळीपट्टा_रावेर

सगळे मोटार-मोटार करताय. आमच्याकडे ट्रॅक्टर बंद पडला तर सावद्याहून माणूस येईपर्यंत दिवस जातो. मेकॅनिक डिझेल एका वर्षाचा ट्रेड आहे. पोरगा वर्षात बाहेर पडतो, गावात शटर टाकून बसतो. ट्रॅक्टर, जनरेटर, पिकअप, काम संपत नाही. सगळ्यांनाच शोरूममध्ये जायचं नसतं.

चौफुलीवाला

रावेरवाले भाऊ, तुमच्या गावापुरतं खरं. पण नव्या ट्रॅक्टरलाही कॉमन रेल येतंय, म्हणजे सगळ्या इंजेक्टरला एकाच पाइपातून जोरात डिझेल. त्या पाइपात दाब हजार बारच्या वर. इंजिन चालू असताना जुन्या सवयीने नट ढिला केला तर डिझेल कातडीच्या आत शिरतं. एक वर्ष पुरेल, पण पोरगा शिकत राहणारा पाहिजे.

ओहायोत_जळगावकर

थोडं अवांतर. माझा साडू इथे मेकॅनिक आहे, कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं शिकला. इथे एएसई म्हणून प्रमाणपत्र असतं. नुसती परीक्षा पास होऊन ते मिळत नाही, दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो (शिक्षणाचं त्यात एक वर्ष धरतात) आणि दर पाच वर्षांनी पुन्हा परीक्षा. गंमत म्हणजे वर्कशॉप हत्यारं देत नाही, पोराने स्वतःची आणायची. साडूची पेटी त्याच्या पहिल्या गाडीपेक्षा महाग होती. तोही हेच म्हणतो, कॉलेजने डोकं दिलं, हात वर्कशॉपने दिला.

एरंडोलचा_मामा

अमेरिकेचं राहू द्या साहेब, आमची अमळनेरची शेवटची एसटी चुकत नाही ना एवढं बघतोय.

निवृत्त_निदेशक

तीन-चार गोष्टी सांगतो. शासकीय आयटीआय जवळजवळ प्रत्येक तालुक्याला आहे, पण प्रत्येक ठिकाणी प्रत्येक ट्रेड नसतो. अमळनेरला हवा तो ट्रेड नसेल तर जळगाव किंवा धुळे, दोन्हीकडे एसटी आहे. प्रवेश ऑनलाइन, दहावीच्या गुणांवर. विकल्प भरताना घाई करू नका. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा विकल्प मिळाला की तोच घ्यावा लागतो, नंतर ‘मला दुसरा हवा होता’ चालत नाही. ‘राहू दे’ म्हणून वेल्डर वर टाकलेली पोरं मी दरवर्षी रडताना पाहिली आहेत. ५८ टक्क्यांना आशा सोडू नका, पुढच्या फेऱ्या असतात.

खासगी संस्था घ्यायचीच झाली तर त्या ट्रेडला केंद्र सरकारच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची (डीजीटी; जुन्या भाषेत एनसीव्हीटीची) मान्यता आहे का, एवढं आधी तपासा. नसेल तर अप्रेंटिसशिप आणि सरकारी भरतीच्या वेळी तो कागद अडू शकतो. नोकरीची हमी लेखी मागा, गप्प बसतील.

दोन वर्षांचा ट्रेड असेल तर नंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आरटीओत सहायक मोटार वाहन निरीक्षकाच्या परीक्षेला डिप्लोमा लागतो. आज पोरगा नको म्हणेल, विसाव्या वर्षी हो म्हणेल. दार उघडं ठेवा. इलेक्ट्रिक वाहनाचाही वेगळा ट्रेड आला आहे, पण आपल्याकडे अजून डिझेलचंच काम जास्त. मोटारचा ट्रेड करून नंतर बॅटरीचं काम शिकता येईल. फक्त इलेक्ट्रिक कारमध्ये नारिंगी केबल दिसली की प्रशिक्षणाशिवाय हात लावायचा नाही, हे आजच त्याच्या कानात घाला.

एरंडोलचा_मामा

सगळ्यांचे आभार. काल भाच्याला घेऊन दोन ठिकाणची वर्कशॉप बघून आलो. एकीकडे गाडी होती, बॅटरी नव्हती. दुसरीकडे पोरं गिअरबॉक्स खोलून बसली होती, भाचा तिथेच उकिडवा बसला, उठेचना. ते पहिल्या विकल्पात टाकलं, मोटारचं. दाजी अजून कुरकुरतात, पण पावसाळ्यापर्यंत गॅरेजात उभा राहील असं ठरल्यावर गप्प झाले. क्लासवाल्याला नाही सांगितलं. त्याचे आता रोज फोन येतात, आज ३० हजारांवर आलाय.

भाचा विचारतोय, सुरुवातीला पाने कुठले घेऊ? सगळा सेट परवडणार नाही.

चौफुलीवाला

सेट नको. फिक्स आणि रिंग, १०-११, १२-१३, १४-१५, १६-१७. एक चांगला प्लायर, दोन स्क्रू ड्रायव्हर, एक टेस्ट लॅम्प. गोटी पाने (सॉकेट) पहिल्या विद्यावेतनातून. आणि पान्यांवर खूण करून ठेवायला सांगा, गॅरेजात १०-११ टिकत नाही.