जुना डेस्कटॉप नव्या लॅपटॉपपेक्षा वेगवान कसा?

प्रश्न: नमपायमध्ये (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) ४०००×४००० च्या दोन मॅट्रिक्सचा गुणाकार सलग चालवतोय. ऑफिसातला जुनाट डेस्कटॉप माझ्या नव्याकोऱ्या लॅपटॉपला मागे टाकतोय! कोड तोच. मी फसलो का?

बेरीज_वजाबाकी: आधी नमपायचं शो_कॉन्फिग चालव, आत गुणाकार करणारी लायब्ररी कोणती ते दिसेल. पिप या इन्स्टॉलरने टाकलेल्या नमपायसोबत सहसा ओपनब्लास ही लायब्ररी येते, कोंडा या दुसऱ्या इन्स्टॉलरच्या डिफॉल्ट चॅनेलवर इंटेलसाठी एमकेएल. दोन्हीकडे वेगळी असेल तर तू मशीन नाही, लायब्ररी मोजतोयस.

प्रश्नकर्ता: दोन्हीकडे ओपनब्लासच. सुरुवातीला लॅपटॉप पुढे असतो, मग पंखा बोंबलायला लागतो आणि वेळ वाढत जातो.

बेरीज_वजाबाकी: मग झालं की निदान. तापला की प्रोसेसर क्लॉक स्पीड (स्वतःचा वेग) उतरवतो. पातळ लॅपटॉपचं हे नेहमीचंच रडगाणं, दुकानदार सांगत नाही. चार्जर लावूनच मोज. थंड आणि तापलेल्या मशीनचे आकडे वेगळे लिही. गुणाकाराला मॅट्रिक्सच्या बाजूच्या (४०००) घनाच्या साधारण दुप्पट क्रिया लागतात, म्हणजे इथे १२८ अब्ज. त्याला सेकंदांनी भाग, गिगाफ्लॉप्स (सेकंदाला किती अब्ज क्रिया) मिळतील. सरासरी नको, मध्यक घे.

कोकणी_कर्नल: ओएमपी_नम_थ्रेड्स (एकाच वेळी किती थ्रेड चालवायचे ते सेटिंग) १ करूनही बघा. आणि दोन्हीकडे आकड्यांचा प्रकार फ्लोट६४ (६४ बिटांचा) आहे ना?