शाळेच्या बसवरील कॅमेऱ्यांवर कितपत विसंबावे?

नवी_लाँगआयलंडकर: नमस्कार. आम्ही उन्हाळ्यात न्यू जर्सीहून न्यूयॉर्क राज्यातल्या लाँग आयलंडवर राहायला आलो. माझा मुलगा यंदा किंडरगार्टनमध्ये जाऊ लागला असून बससाठी त्याला रोज रस्ता ओलांडावा लागतो. थांबलेल्या बसचे लाल दिवे लुकलुकत असताना आणि तिची ‘स्टॉप’ची पाटी बाहेर आलेली असतानाही गाड्या न थांबता पुढे निघून गेल्याचे मी महिन्याभरात दोनदा पाहिले. बसवरचे कॅमेरे नेमके काय करतात?

हडसनकाठ: पाटी बाहेर आली की कॅमेरा जाणाऱ्या गाडीचे आणि तिच्या नंबरप्लेटचे चित्रण करतो, त्यावर वेळ आणि ठिकाणही नोंदले जाते. ते तपासून मग गाडीच्या मालकाला नोटीस जाते. न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये या कॅमेऱ्यांना परवानगी दिली. दंड पहिल्यांदा २५० डॉलर, आणि अठरा महिन्यांत पुन्हा तेच घडल्यास २७५ व ३०० डॉलर. गाडी कोण चालवत होते हे कॅमेऱ्याला सिद्ध करावे लागत नसल्यामुळे चालकाच्या लायसन्सवर नियमभंगाचे पॉइंट मात्र चढत नाहीत. बसचालकाने एका डोळ्याने मुले सांभाळत दुसऱ्याने नंबर टिपावा, या जुन्या अपेक्षेपेक्षा हे केव्हाही बरे. त्याच २०१९ साली देशातील ३९ राज्यांतल्या १,३०,९६३ बसचालकांनी एका दिवसाची नोंद ठेवली, तेव्हा ९५,३१९ गाड्या थांबलेल्या बसला ओलांडून गेल्या होत्या.

दुभाजकवाला: ताई, न्यू जर्सीची सवय आधी सोडा. तिथे मध्ये दुभाजक असेल तर समोरून येणाऱ्याने वेग ताशी दहा मैलांवर आणला तरी चालते. न्यूयॉर्कमध्ये दुभाजकापलीकडूनही पूर्ण थांबावे लागते. हे मी २५० डॉलर भरून शिकलो. तेव्हा चडफडलो, पण आता बस थांबण्याआधीचे पिवळे दिवे दिसताच पाय ब्रेकवर जातो.

पूर्वीची_इंडियानाकर: माझे मत थोडे वेगळे आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडियानातील रॉचेस्टरजवळ सकाळच्या अंधारात बसकडे जाणारी तीन भावंडे पिकअप ट्रकखाली सापडून गेली. बसचे दिवे चालू होते, पाटीही बाहेर होती. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चालकाला दोषी धरलेच, पण मुलांना भरधाव वाहतुकीचा रस्ता ओलांडायला लावणारा थांबा तसाच चालू ठेवला होता, यावरही बोट ठेवले. कॅमेऱ्याची नोटीस गाडी निघून गेल्यानंतर येते. बस घराच्याच बाजूला थांबली तर मुलाला रस्त्यावर उतरावेच लागत नाही. म्हणून शाळेच्या वाहतूक विभागाकडे थांबा बदलण्याचा लेखी अर्ज करा.

नवी_लाँगआयलंडकर: आभारी आहे. थांबा बदलता येतो हेच माहीत नव्हते. अर्ज आजच लिहिते आणि त्या दोन गाड्यांची तारीख-वेळही त्यात घालते.

हडसनकाठ: रस्त्याची वेगमर्यादा आणि हिवाळ्यात बस येते तेव्हा उजाडलेले असते की नाही, हेही लिहा.