मदत हवी आहे: मॅचची वेळच कळेना, विमान बुक करू का?

चकलीबहाद्दर: लेक कॉलेजच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवते. आई-बाबा पुण्याहून आलेत, नातीला वाजवताना बघायचंय. ऑक्टोबरच्या अमेरिकन फुटबॉलच्या मॅचपुढे वेळेच्या जागी नुसतं 'टीबीडी', म्हणजे अजून ठरायचंय. शनिवारी रात्री दहाचं परतीचं विमान स्वस्त मिळतंय, पण भाव आजच्यापुरताच. काढू का? पटकन सांगा.

रेनकोट: कुठलं कॉलेज? मॅच घरची की बाहेरची?

चकलीबहाद्दर: वॉशिंग्टन. घरची. आम्ही न्यू जर्सीहून.

रेनकोट: अहो, वॉशिंग्टन राज्यात दोन आहेत, सिअॅटलचं की पुलमनचं? सिअॅटलवाले २०२४ ला बिग टेन या कॉलेजांच्या गटात गेले, पुलमनवाले जुन्या पॅक-१२ गटातच राहिले. दोघांचे टीव्हीचे करार वेगळे.

चकलीबहाद्दर: सिअॅटल!! विमानाचं सांगा.

कट्टाकरी: वेळ कॉलेजच्या हातात नसते. चॅनलवाले बहुतेकदा बारा दिवस आधी ठरवतात, कधी सहाच. सीबीएसने उचलली तर तिकडे दुपारी साडेबारा, एनबीसीने घेतली तर साडेचार. फॉक्सने रात्रीची ठेवली तर दहाचं विमान विसरा. रविवारचं काढा.

जुना_खेळाडू: याचं मूळ १९८४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात आहे. कॉलेजच्या खेळांची संघटना एनसीएए, तिची टीव्हीवरची मक्तेदारी तिथे मोडली आणि...

रेनकोट: काका, त्यांनी विमानाचं विचारलंय.

पुलमनकर: विषय निघालाच आहे तर, २०२३ च्या उन्हाळाअखेरपर्यंत बारातल्या दहा कॉलेजांनी पॅक-१२ सोडायचं ठरवलं. आमचा काय गुन्हा होता?

कट्टाकरी: टीव्हीचा धड करार मिळत नव्हता, थांबून काय करणार होते? सिअॅटलवाले तर सुरुवातीला टीव्हीच्या पैशातला पूर्ण वाटा न घेता बिग टेनमध्ये गेले.

पुलमनकर: म्हणून बिग टेनमधल्या रटगर्स कॉलेजशी खेळायला अख्खा देश ओलांडायचा!

माहेरवाशीण: रटगर्स न्यू जर्सीतच ना? मग तिथे मॅच असेल तेव्हा बघा की. विमानच नको.

चकलीबहाद्दर: लांबच्या मॅचला अख्खा बँड नेत नाहीत हो. मध्यंतरात बँड वाजला की लगेच निघालो तर?

रेनकोट: साडेसातला सुरू झाली तर मध्यंतरच नऊला. जाहिराती लागल्या की मैदानाच्या कडेला टीव्हीचा माणूस उभा राहतो, तो बाजूला होईपर्यंत बॉल हलत नाही. आजी-आजोबांना घेऊन पळणार कसे?

माहेरवाशीण: आणि पावसाचं काय? छत्री आत नेऊ देत नाहीत, पोन्चो घ्या.

चकलीबहाद्दर: बायकोने रविवारचं काढलंसुद्धा. पोन्चो कुठे स्वस्त मिळतील?