मदत हवी आहे: आउटबोर्ड थ्रॉटल दिला की बंद पडतंय, इथेनॉलवालं पेट्रोल कारण असेल का?

मंडळी, होडीला १५ हॉर्सपॉवरचं टू स्ट्रोक आउटबोर्ड (मागे बाहेर लावायचं इंजिन) आहे, कार्बोरेटरवालं, जुनंय पण कधी त्रास दिला नव्हता. तीनेक महिने होडी वर काढून ठेवली होती आणि टाकीत अर्धं पेट्रोल तसंच राहिलं, ऑइल मिसळलेलं, १० टक्के इथेनॉलवालं. परवा पाण्यात उतरवली तर वीसेक वेळा दोरी ओढल्यावर कसंबसं सुरू झालं, आयडलला ठीक चालतं पण थ्रॉटल दिला की मिसिंग मारतं आणि बंद, चोक अर्धा ओढला की जरा सावरतं. प्लग नवे टाकले, फरक शून्य. फ्लोट बाऊल (कार्बोरेटरखालची पेट्रोलची वाटी) सोडला तर तळाशी हिरवट चिकट गाळ, आणि प्राइमर बल्बची (हाताने दाबून पेट्रोल चढवायचा रबरी फुगा) नळी कापून बघितली तर आतून काळा चुरा सुटतोय.

नुसतं जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल जायचं बारीक भोक) साफ करून भागेल का? उरलेल्या पेट्रोलमध्ये ताजं टाकून संपवू का? एकजण म्हणतो स्टॅबिलायझर (पेट्रोल टिकवायचं औषध) टाक, सगळं ठीक होईल, मला काही पटत नाहीये.

प्रतिसाद १:
चोकवर सावरतंय म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, मेन जेट तुंबलंय बहुतेक. पण ते नंतर, आधी इंजिन चालवणं थांबवा! टाकीच्या अगदी तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा, झाकण लावून रात्रभर हलवू नका. टाकीच्या व्हेंटमधून दमट हवा आत जाते आणि इथेनॉल पाणी धरून ठेवतं, पण १० टक्केवालं पेट्रोल १५ अंशाला लिटरमागे जेमतेम ५ मिली पाणी पोटात घेतं, त्याच्या वर गेलं की पाणी आणि इथेनॉल दोघं मिळून वेगळे होतात आणि खाली बसतात, नेमकं जिथे ओढायची नळी असते तिथे. टू स्ट्रोकला खरी भीती ही की ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. म्हणजे तळातलं ओढलं की इंजिन बिनऑइलचं फिरतं, पिस्टन जाम व्हायला किती वेळ लागतो. आणि वरचं पेट्रोलही वापरू नका, इथेनॉल निघून गेल्यामुळे त्याचा ऑक्टेन (नॉकिंग न होता जळायची क्षमता) उतरलेला असतो. स्टॅबिलायझर ताज्या पेट्रोलात टाकायची गोष्ट आहे, फाटलेलं दूध त्याने परत दूध होत नाही.

प्रतिसाद २:
वरच्याशी सहमत. नळी आणि बल्ब दोन्ही बदला, इथेनॉल चालणारी नळी मागा, जुन्या रबराला ते आतून खातं. वॉटर सेपरेटर फिल्टर नसेल तर १० मायक्रॉनचा बसवा आणि एक जास्तीचा जवळ ठेवा, कारण इथेनॉल टाकीतला जुना थर सोडवतं आणि पहिला फिल्टर लगेच भरतो. होडी बरेच दिवस ठेवताना पेट्रोलची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, तरी बाऊलमध्ये थोडं उरतंच, ते काढायला बाऊलचा स्क्रू सोडायचा कंटाळा करू नका (मी केला होता).

मूळ प्रश्नकर्ता:
बाटली ठेवली होती. सकाळी सरळ दोन थर, खालचा दीड बोट आणि जवळपास बिनरंगी, ऑइलचा निळा रंग सगळा वर!! टाकी पूर्ण रिकामी केली, नळी-बल्ब आणायला जातोय. प्लगच्या भोकातून टॉर्च मारून बघितलं, सिलिंडरला ओरखडे दिसत नाहीत. तरी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघूनच ताजं पेट्रोल भरू, की आधी जेट साफ करून चालवून बघू?