हक्कसोड आणि मर्जी
वर एकांनी लिहिलंय की बहिणीने हक्कसोडपत्रावर, म्हणजे माहेरच्या जमिनीतला आपला वाटा सोडल्याच्या कागदावर, स्वतःहून सही केली असेल तर तो तिचा निर्णय, बाकीच्यांनी कशाला मध्ये पडायचं. कागदावर बरोबर आहे. पण मी आमच्याकडे बघितलंय, भाऊ सकाळी गाडी घेऊन येतो, "ताई, नुसती सही करायचीये, संध्याकाळपर्यंत घरी सोडतो", निबंधक कार्यालयात फोटो काढतात, अंगठा घेतात, आणि त्या टाइप केलेल्या कागदात गट नंबर किती, क्षेत्र किती हे तिला कोणी वाचूनही दाखवत नाही. त्यात "स्वखुशीने व अक्कलहुशारीने" मात्र छापलेलं असतंच.

मुलीला मुलाइतकाच वाटा मिळावा म्हणून हिंदू वारसा कायदा तर केव्हाच बदलला, महाराष्ट्रात 1994 ला, देशभर 2005 ला, आणि 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की 2005 ला वडील हयात नसले तरी मुलीचा वडिलोपार्जित जमिनीतला हक्क जन्मापासूनच आहे. तरी बायका सोडतात, कारण माहेर तुटेल ही भीती खरी असते, ती मूर्खपणाची नाही.

माझ्या मावशीने पण सोडला, पण तिने आधी सातबारा मागून घेतला, नवऱ्याला बाहेर बसवून एकटी वकिलाशी बोलली, विहिरीजवळचा तुकडा स्वतःच्या नावावर ठेवला आणि बाकीचा भावांना दिला. ह्याला मी मर्जी म्हणेन. म्हणून जिच्यावर अशी वेळ येईल तिने मसुदा आठ दिवस आधी घरी मागून घ्यावा, आणि कोणी द्यायला टाळाटाळ करत असेल तर त्या दिवशी सही करू नये.