न मागता आलेली वाटी: इझाकायातल्या ओतोशीचे पैसे का द्यायचे?

निवडुंग

गेल्या आठवड्यात आईबाबा तोक्योला आले. इथली माणसं ऑफिस सुटल्यावर नेमकी जातात कुठे, हे बाबांना बघायचं होतं. म्हणून त्यांना शिंबाशीत, रेल्वेच्या पुलाजवळच्या गल्लीतल्या एका इझाकायात घेऊन गेलो. बाहेर लाल कंदील, आत कोळशाचा धूर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: इझाकाया म्हणजे जपानी बार, इथे ताट येत नाही. प्यायला काहीतरी घ्यायचं आणि सोबत लहान लहान बशा मागवत राहायचं. याकितोरीच्या, म्हणजे काडीला टोचून भाजलेल्या चिकनच्या, दोन काड्या, मग तोफू, मग बटाट्याचं सॅलड, असं दोन तास चालतं.

बूड टेकलं, हात पुसायला ओला रुमाल आला आणि आम्ही तोंड उघडायच्या आत तीन वाट्या समोर. लोणच्याच्या वाटीएवढ्या. आत सुकवलेल्या मुळ्याच्या शिजवलेल्या पट्ट्या. आई खूश. "बघ, आल्याआल्या काहीतरी हातावर ठेवतात." मी वास घेतला. दाशी! म्हणजे कात्सुओबुशीचं, सुकवलेल्या माशाचं पाणी. आई शुद्ध शाकाहारी. वाटी तशीच बाजूला सरकवली.

बिलात मात्र पहिली ओळ तिचीच: ओतोशी, ४०० येन गुणिले ३. बाराशे येन, म्हणजे आपले सहाशे-सातशे रुपये.

मागितलं नाही, मेन्यूत दिसलं नाही, कुणी विचारलं नाही, आईनं तर खाल्लंही नाही. मग पैसे कशाचे? मी याला लुबाडणूक म्हणतो. तुम्ही काय म्हणता?

काळा_चहा

शंभर टक्के सहमत. आमच्या पुण्यात साध्यातल्या साध्या परमिट रूममध्येही चकणा फुकट. खारे दाणे, उकडलेले चणे, वर कांदा-लिंबू. संपला की पोऱ्याला नुसती मान हलवून दाखवायची. जपानी माणूस एवढा शिस्तीचा, आणि चकण्याचे पैसे लावतो?

ओसाकाकर

@काळा_चहा, फुकट? वाइन शॉपमधली क्वार्टर परमिट रूममध्ये कितीला पडते ते एकदा बघा. तुमचे दाणे त्यात भाजलेले असतात. इथे निदान वेगळी ओळ लिहून पैसे घेतात.

@निवडुंग, चौदा वर्षं इकडे आहे, म्हणून जरा लांबड लावतो. कान्साईत, म्हणजे ओसाकाच्या बाजूला, याला त्सुकिदाशी म्हणतात. ओतोशी हा शब्द 'आत पोचवणे' यावरून आला असं सांगतात: तुमची ऑर्डर आत पोचली, तोवर हे घ्या. साधारण तीनशे ते पाचशे येन माणशी. ते मुळ्याचे पैसे नव्हेतच, ते बसण्याचे. जपानात टिप नाही. एक बिअर घेऊन माणूस दीड-दोन तास आठ खुर्च्यांच्या दुकानात एक खुर्ची अडवून बसतो. मालकानं भाडं कुठून काढायचं? तुमच्या अमेरिकेतल्या भावाला विचारा, जेवणावर वीस टक्के टिप ठेवताना तो किती रडतो ते.

निवडुंग

भाऊ नाशकात असतो. पण मुद्दा कळला. मग दारावर 'बसण्याचे ४०० येन' असं सरळ लिहा ना! भाडं घ्यायचं आणि हातात मुळा द्यायचा, हा कुठला व्यवहार? आणि तो मुळा माझ्या आईला चालत नाही हे विचारायची सोयसुद्धा नाही.

बदलापूर_फास्ट

भाषाशाळेत असताना वर्षभर इझाकायात भांडी घासली आणि नंतर वाट्या भरल्या, त्यामुळे आतली बाजू सांगतो.

आमच्याकडे ओतोशी दुपारीच मोठ्या पातेल्यात तयार व्हायचं. मुळा, गाजर, तोफूचे तळलेले तुकडे, जे बाजारात स्वस्त असेल ते. संध्याकाळी सात वाजता वीस माणसं एकदम आत शिरतात आणि सगळ्यांच्या तोंडी एकच: "तोरिआएझु बीरु", म्हणजे 'आधी बिअर तर आणा'. बिअर मिनिटात जाते, पण कोळशावरची काडी मिनिटात होत नाही. ती मधली दहा मिनिटं वाटी सांभाळते. नाही तर गिऱ्हाईक उपाशीपोटी पितं, आणि मग त्याला सांभाळायला आम्हीच.

पैशांचं म्हणाल तर दोन्ही बाजू पाहिल्या. आमचा मालक वाटी चाखल्याशिवाय बाहेर जाऊ देत नसे. म्हणायचा, नवीन माणूस यावरूनच ठरवतो पुढे काय मागवायचं. दुसरीकडे, पिशवी फोडून ओतलेलं थंडगार मॅकरोनी सॅलड पाचशे येनला माझ्याही गळ्यात मारलंय. तेव्हा मीही चरफडलो होतो.

मांडवीकाठ

लिस्बनमध्ये तीन वर्षं काढली. तिथेही बसल्याबसल्या पाव, ऑलिव्ह, लोणी टेबलावर येतं. त्याला कुवेर म्हणतात. पण हात लावला नाही तर पैसे नाहीत. न मागितलेल्या कुवेरचे पैसे मागता येत नाहीत असा कायदाच आहे. जपान्यांना हे का जमू नये? न शिवलेली वाटी परत न्या आणि ओळ खोडा.

ओसाकाकर

परत नेऊन काय करणार? पुढच्याला देणार? आपण तरी चालवून घेऊ का?

मांडवीकाठ

म्हणूनच आणायच्या आधी विचारा, एवढंच तर म्हणतोय निवडुंग.

जुनी_वही

जरा इतिहास. इझाकाया या शब्दातच 'दुकानात थांबणं' आहे. साकाया म्हणजे साके, ही तांदळाची दारू, विकणारा. त्याच्याकडून बुधल्यात साके भरून घरी न्यायची रीत. लोक तिथेच बसून प्यायला लागले आणि इझाकाया झाला. एदोतल्या, म्हणजे जुन्या तोक्योतल्या, तोशिमाया या दुकानाचं नाव यात हमखास घेतात. १५९६ सालचं दुकान, अजून चालू आहे. तिथला मालक म्हणे साके जवळजवळ खरेदीच्याच भावात द्यायचा, सोबत मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) लावून भाजलेला तोफू, आणि नफा काढायचा रिकाम्या लाकडी पिंपांवर. पिंपं विकून!

म्हणजे गिऱ्हाइकाला जिथे टोचत नाही तिथून पैसा काढायचा, ही या धंद्याची जुनी खोड. तोशिमायानं पिंपातून काढला, आजचा मालक वाटीतून काढतो. फरक एवढाच की वाटी टोचते.

काळा_चहा

पिंपांची आयडिया आवडली. आमच्याकडे रिकाम्या बाटल्या भंगारवाला नेतो.

उंबरठा

सगळे पैशांवरच घसरलात, म्हणून वेगळं लिहिते.

शाकाहाऱ्याला इझाकायात ओतोशी हा सगळ्यात लहान त्रास आहे. आगेदाशी तोफू, म्हणजे तळलेला तोफू, मागवा, खाली दाशी. हियायाक्को, म्हणजे साधा थंड तोफू, मागवा, वर माशाचा कीस वाऱ्यानं हलतोय. हे वाक्य पाठ करा: "कात्सुओबुशी नुकी दे". कीस नको. वरचं तेवढं टळतं, दाशी टळत नाही.

पण माझ्या सासूबाईंची गोष्ट सांगते. त्या मासे खातात, उष्टं चालत नाही. इझाकायात एक बशी मधोमध आणि सगळ्यांच्या जेवायच्या काड्या (चॉपस्टिक) त्यात. आपापल्या काड्यांनी घेणं जपानी शिष्टाचारातही फारसं बसत नाही, पण ओळखीच्यांत चालतं. सासूबाईंनी पूर्ण संध्याकाळ एकाच गोष्टीला हात लावला, ओतोशीला. कारण टेबलावर माणशी वेगळी आलेली तेवढीच वाटी होती. मी माझीही त्यांच्याकडे सरकवली.

आणि शेवटचा तुकडा! कान्साईत त्याला 'एंर्यो नो कातामारी' म्हणतात, संकोचाचा गोळा. बशीत एक कारागे, तळलेल्या चिकनचा तुकडा, उरतो आणि सगळे तो दिसतच नसल्यासारखं करतात. अगदी आपल्या घरातल्या शेवटच्या करंजीसारखं. ओतोशीत ती भानगड नाही.

ओसाकाकर

@उंबरठा, पटलं.

@निवडुंग, एक व्यवहाराची गोष्ट, जी मीच आधी सांगायला हवी होती. बसण्याआधी सांगायचं: "ओतोशी नाशी दे ओनेगाइशिमास", म्हणजे 'ओतोशी नको'. काही दुकानं ऐकतात, काही 'आमच्याकडे सगळ्यांना घ्यावंच लागतं' म्हणतात. मग उठायचं की बसायचं ते तुम्ही ठरवा. वाटी समोर आल्यावर बोलून उपयोग नाही.

निवडुंग

काल त्याच गल्लीत दुसरीकडे गेलो. दारातच वाक्य म्हटलं, घोकून गेलो होतो. काउंटरमागच्या आजींनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. विचारलं, मासे नको का? म्हटलं, नको. मान डोलावून आत गेल्या आणि आईसमोर एदामामे आणून ठेवले. मीठ घालून उकडलेल्या कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा, गरम. आईनं पहिलीच शेंग दाताखाली धरून दाणे सोडवले आणि म्हणाली, "अगं बाई, ह्या तर आपल्या उकडलेल्या शेंगांसारख्या." टरफलांचा ढीग लावला. बाबांना एकही मिळाली नाही.

मांडवीकाठ

छान! आणि बिलात ओतोशी?

निवडुंग

तीन. माणशी ३८०.

काळा_चहा

म्हणजे दिलेच ना शेवटी?

निवडुंग

आईनं दिले. मला पाकीट काढू दिलं नाही.